एकच अभ्यासक्रम, वेगळे गणित विभाग

सांगवीहून मुळा ओलांडली की औंध, आणि पुढे गणेशखिंडीत १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ. सांगवीचे बाबुरावजी घोलप महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. स्वायत्त महाविद्यालये सोडली तर संलग्न महाविद्यालयांत बी.एस्सी.चा अभ्यासक्रम एकच असतो. गणित विभागाची प्रत तपासणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो, कारण विषय, पुस्तके, प्रश्नपत्रिका सारख्या असताना शिकवण्यात जो फरक उरतो, तो विभागाने घडवलेला किंवा बिघडवलेला असतो.

हा फरक निकालावरून कळत नाही. निकालात बारावीचे गुण मुरलेले असतात. हुशार मुले घेतली की हुशार मुले बाहेर पडणारच. नॅकची श्रेणी आणि २०१७ पासूनची एनआयआरएफची महाविद्यालयीन क्रमवारी अख्ख्या संस्थेची असते, त्यात गणिताचा वर्ग दिसत नाही.

क्रमांकाचा मोह पुण्याला जुना आहे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, म्हणजे सीनियर रँग्लर झाले आणि ती पदवी कायमची त्यांच्या नावाला चिकटली. पण त्याच केंब्रिजात हार्डींसारख्या गणितज्ञांनी ही परीक्षा गणिताला मारक ठरते, असे म्हणत बदलाचा आग्रह धरला, आणि १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणे थांबले. परांजप्यांचे मोल मला त्या क्रमांकापेक्षा ते परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले यात अधिक वाटते.

मग पाहायचे काय? माझ्या मते, सर्वांत आधी विद्यार्थ्याची वही. लाग्रांजचे प्रमेय सगळ्यांनाच शिकवतात: सांत गटाच्या उपगटातील घटकांची संख्या गटाच्या घटकसंख्येला भागते. बहुतेक मुले सिद्धता पाठ करतात. विचारावे, उलट विधान खरे आहे का? बारा घटकांच्या ए-४ या गटात सहा घटकांचा उपगट नाही. हे उदाहरण मुलाने स्वतः धडपडून तपासले असेल, चुकलेला प्रयत्न वहीत खोडलेला दिसत असेल आणि शेजारी शिक्षकाने ‘ही पायरी का?’ असे लिहिले असेल, तर तो विभाग चांगला आहे. ‘आयएमपी’ प्रश्नांच्या यादीवर चालणाऱ्या विभागात अशी वही सापडत नाही.

अशी वही तपासायला शिक्षकाकडे वेळ लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत असेल, तर तो कितीही जाणकार असला तरी मुलाजवळ बसणार कधी? म्हणून प्राध्यापकांच्या पदव्या मोजण्याआधी कायम पदे किती भरली आहेत, हे विचारावे. शोधनिबंधांची संख्या पदवीच्या पातळीवर मी बरीच खाली ठेवीन.

विभाग मुलांना कुठली दारे दाखवतो, हेही पाहावे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेले गणिताचे भास्कराचार्य प्रतिष्ठान पुण्यातच आहे. पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा होते, आणि १९९३ पासून एमटीटीएसची गणित प्रशिक्षण शिबिरे भरतात, जिथे विद्यार्थ्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच गणित उभे करून घेतले जाते. सांगवीच्या मुलाला ही नावे पहिल्या वर्षीच कोणी सांगितली, की पदवी हातात पडल्यावर ती त्याच्या कानावर आली?