चार फूट पाण्यातल्या युद्धनौका

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश नौदलाने बारा गनबोटी बांधायला घेतल्या. प्रत्येकीला कीटकाचे नाव दिले: लेडीबर्ड, मॉथ, नॅट, क्रिकेट, टॅरँट्युला. (टॅरँट्युला हा कोळी, तो कीटक नव्हे. नौदलाच्या गावी ते नव्हते!) बोटी हव्या होत्या ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध डॅन्यूब नदीवर. हेतू कळू नये म्हणून त्या चीनसाठी असल्याचे सांगण्यात आले.

नदी उथळ, तोफा मात्र सहा इंची. बोटीचे वजन सुमारे ६३५ टन, तरी ती पाण्यात जेमतेम १.२ मीटर बुडे. हे कसे जमले? लांबी ७२ मीटर, रुंदी ११ मीटर. मुलांना गुणाकार करू द्या: ७२ × ११ × १.२ म्हणजे सुमारे ९५० घनमीटर. बोट चौकोनी पेटी असती, तर तेवढ्या बुडीत ९५० टन पाणी बाजूला सरले असते. पण तिची टोके निमुळती. म्हणून साधारण दोन तृतीयांशच सरते. आर्किमिडीजचा हिशेब जुळला.

राहिला पंखा. उथळ पाण्यात मोठा पंखा तळाखाली बसवला तर तो चिखलात रुतणार. म्हणून तळातच उलट्या पन्हळीसारखे बोगदे ठेवून पंखे त्यांत बसवले. बोगद्याचे छत बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच असे. पंखा फिरू लागला की आतली हवा पाण्याबरोबर बाहेर ओढली जाई आणि हवेच्या दाबाने पाणी छतापर्यंत चढे. पूर्ण पंखा पाण्यात!

फेब्रुवारी १९१७ मध्ये टॅरँट्युला, मँटिस आणि मॉथ यांनी टायग्रिस नदीवर माघार घेणाऱ्या तुर्कांचा पाठलाग केला. तुर्कांच्या हाती पडलेली 'फायरफ्लाय' ही ब्रिटिश गनबोटही परत मिळवली.

दुसऱ्या महायुद्धात मात्र या नदीच्या बोटी समुद्रात उतरवल्या गेल्या. १२ मे १९४१ रोजी तोब्रुक बंदरात लेडीबर्डवर बाँब पडले. ती बुडाली, पण सपाट तळामुळे उथळ पाण्यात सरळ टेकली. वर राहिलेली तिची विमानविरोधी तोफ पुढेही वापरली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने नॅटची नाळ उडवली. उरलेली बोट ओढून अलेक्झांड्रियाला नेली.

मॉथची कथा सर्वांत विचित्र. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगच्या सुक्या गोदीत ब्रिटिशांनी ती स्वतःच बुडवली. जपान्यांनी ती वर काढली, दुरुस्त केली, 'सुमा' असे नाव दिले. मार्च १९४५ मध्ये सुरुंगावर आदळून ती कायमची बुडाली, चीनमधल्याच यांगत्से नदीत.