सुट्टीतली गायिका

नाझिया हसन हे नाव निघाले की पाठोपाठ 'अर्धवट राहिलेली कारकीर्द' हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. १९६५ साली कराचीत जन्म, पंधराव्या वर्षी उपखंडभर कीर्ती आणि ऑगस्ट २००० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, लंडनला फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू. तारखाच अशा आहेत की शोककथा आपोआप जुळून येते, लिहिणाऱ्यास फारसे श्रम पडत नाहीत. आम्हांस मात्र त्या तारखांमधली एक वेगळी तारीख महत्त्वाची वाटते. नाझियाचा शेवटचा संग्रह 'कॅमेरा कॅमेरा' १९९२ सालचा आहे. म्हणजे गाणे आणि मृत्यू यांत आठ वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर या शोककथेत कोठेच बसत नाही.

आरंभापासून पाहू. १९८० साली फिरोझ खान यांचा 'कुर्बानी' आला. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे, पण 'आप जैसा कोई' हे एक गाणे मात्र बिद्दू यांचे. बंगळूरमध्ये जन्मून इंग्लंडात स्थिरावलेल्या या संगीतकाराच्या नावावर तोवर 'कुंग फू फायटिंग' (१९७४) या जगभर गाजलेल्या तबकडीची निर्मिती जमा होती. शब्द इंदीवरांचे, पडद्यावर झीनत अमान, आणि आवाज लंडनमध्ये राहणाऱ्या एका शाळकरी मुलीचा.

तो आवाज कसा होता? तालमीचा नव्हता. किंचित अनुनासिक, सपाट, हरकती-मुरक्यांपासून दूर. ध्वनिमुद्रणात त्याच्यावर त्याचाच दुसरा थर चढवलेला कानाला स्पष्ट जाणवतो. एकटा आवाज त्या वाद्यांपुढे पुरला नसता. हिंदी चित्रपटाने तोवर स्त्रीच्या आवाजाची जणू वाटणीच करून टाकली होती. नायिकेची शालीनता लताबाईंकडे, क्लबातली मादकता आशाबाईंकडे. (ही वाटणी स्थूल आहे आणि दोघींवरही अन्याय करणारी आहे, हे आम्ही जाणतो, पण निर्माते तीच धरून चालत.) आशाबाईंचे क्लबगीत ऐकावे तर त्यात श्वास, लाडिकपणा, थट्टा, सारा अभिनय गळ्यात उतरलेला असतो. नाझियाच्या गळ्यात अभिनय मुळीच नाही. ती शब्द उच्चारते आणि पुढे जाते. एरवी हा दोष ठरला असता. परंतु डिस्कोत गाण्याची सूत्रे गळ्याकडे नसतात, ती ठेक्याकडे असतात. आवाज हे तिथे अनेक वाद्यांपैकी एक. बिद्दू यांनी हे ओळखले होते. त्यांना गायिकेचे कसब नको होते, आवाजाचा पोत हवा होता. झीनतच्या नृत्यामागे तो कोवळा, जरासा त्रयस्थ आवाज विजोड वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्या त्रयस्थपणामुळेच गाणे मादक होण्याऐवजी तरुण झाले.

या गाण्यासाठी १९८१ साली तिला फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे पारितोषिक मिळाले. पंधराव्या वर्षी हा सन्मान म्हणून त्याचे कौतुक होते ते योग्यच. पण त्याची पार्श्वभूमी सहसा कोणी सांगत नाही. लताबाईंनी १९७०च्या सुमारास आणि आशाबाईंनी १९७९ नंतर, नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून, या पारितोषिकासाठी आपला विचार करू नये असे कळवले होते. त्यानंतर १९८० साली ते वाणी जयराम यांना 'मीरा'साठी मिळाले आणि पुढच्याच वर्षी नाझियाला. मंगेशकर भगिनींनी मोकळ्या केलेल्या जागेवर आधी एक कसलेली शास्त्रीय बैठकीची गायिका आणि तिच्यामागोमाग लंडनची एक शाळकरी मुलगी यावी, यात आम्हांस काळाची खोडी दिसते.

त्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आला. हा चित्रपटाबाहेरचा संग्रह. धाकटा भाऊ झोहेब याच्यासह गायिलेला. (झोहेबचे नाव लेखांतून हळूहळू गळून पडते. तो केवळ साथीला नव्हता. गाणी रचण्यातही त्याचा वाटा होता.) चित्रपटाबाहेरचे गाणे, याचे मराठी श्रोत्यांस नवल वाटण्याचे कारण नव्हते. गजानन वाटव्यांपासून आमच्याकडे भावगीत घरोघरी होतेच. नवे होते ते हे, की या गाण्यांत थोर कवी नव्हता, राग नव्हता, वडीलधाऱ्यांची पसंती नव्हती. गाणारे आणि ऐकणारे एकाच वयाचे होते. कॅसेटवर चालणारे छोटे यंत्र घरात आले, तशी घरातल्या मुलांना स्वतःची निवड करता येऊ लागली. आकाशवाणीच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध उरला नाही. 'डिस्को दीवाने' अचूक त्या क्षणी आला.

पाकिस्तानात हाच क्षण निराळा होता. १९७७ पासून तेथे झिया उल हक यांची राजवट होती, आणि दूरचित्रवाणीवर स्त्रीने कसे दिसावे यावर सरकारी नजर होती. अशा देशातली एक मुलगी पाश्चात्य ठेक्यावर उर्दू शब्द गाते आणि घराघरांत ऐकली जाते, ही गोष्ट तेथील तरुणांस किती मोकळीक देणारी वाटली असेल! बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्यावर १९८९ साली शोएब मन्सूर यांनी 'म्युझिक ८९' हा कार्यक्रम केला. सूत्रसंचालन या दोघा भावंडांचे होते. 'व्हायटल साइन्स'सारखे नवे वाद्यवृंद त्या मंचावर होते. कर्मठांनी टीका केलीच. पाकिस्तानी पॉपची पुढची फळी येथून उभी राहिली, असे मानण्यास जागा आहे.

आता संग्रहांची वर्षे पाहावीत: १९८१, १९८२ ('बूम बूम', 'स्टार' चित्रपटातली गाणी), १९८४ ('यंग तरंग'), १९८७ ('हॉटलाइन') आणि १९९२. प्रत्येक टप्प्यावर अंतर वाढत जाते. मध्यंतरी ती शिकत होती, कायद्याची पदवी घेत होती. पुढे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम करीत होती. गाणे अभ्यासाच्या सवडीने चालले होते, अभ्यास गाण्याच्या सवडीने नव्हे. व्यवसायाच्या दृष्टीने हे आत्मघातकी म्हणावे लागेल. भारतीय पॉपला १९९५ साली मोठा बाजार मिळवून देणारे 'मेड इन इंडिया' हे गाणे बिद्दू यांनी प्रथम तिच्यासाठी योजले होते आणि मायदेशी मने दुखावतील म्हणून तिने ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. ते गाणे अलिशा चिनॉय यांनी गायिले. हकीकत खरी असो वा नसो, तिच्या एकंदर वागण्याशी ती विसंगत नाही.

म्हणून 'अर्धवट' हा शब्द आम्हांस खटकतो. आयुष्य अकाली संपले, यात वाद नाही. पण गायिकेची कारकीर्द ही तिची एकमेव इच्छा असलीच पाहिजे, हे आपण श्रोत्यांनी परस्पर ठरवले. लहानपणी गाजलेल्या व्यक्तीने मोठेपणी दुसरे काही करावे, हे आपल्याला नुकसान वाटते. ते तिलाही तसे वाटत होते याचा पुरावा निदान या वर्षांच्या यादीत तरी नाही.

२०१२ साली करण जोहर यांच्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने'चा नवा अवतार आला. श्रेयनामावलीत सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्यासोबत नाझिया हसन हे नाव आहे. चित्रपट शाळेतल्या मुलामुलींचा आहे, आणि पडद्यावर शाळकरी म्हणून नाचणाऱ्या त्या नटनट्यांमध्ये खरोखर शाळेच्या वयाचा असा तो एकच आवाज आहे.