नऊ पिनांचा करार : व्हॉल्व्हच्या आराखड्यातील आकड्यांचा इतिहास

१/ सन १९६२, पश्चिम लंडनमधील हॅनवेल. जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन गिटारचा ॲम्प्लिफायर घडवत होते. नमुना होता कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीचा ‘बासमन’. अमेरिकी परिपथ ब्रिटनमध्ये पुन्हा उभा राहू शकला, यामागे पिनांच्या क्रमांकांची एक जुनी शिस्त होती.

२/ १९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची निर्वात नलिका सिद्ध केली. पुढे ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात ग्रिड हे तिसरे अग्र बसवले. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जाणाऱ्या प्रवाहावर ग्रिडचा अंकुश आला आणि दुबळा संकेत सबळ करता येऊ लागला. जुन्या रेडिओतला ‘व्हॉल्व्ह’ तो हाच.

३/ चार पिनांच्या काळात दोन जाड पिना फिलामेंटच्या, एवढी खूण पुरत असे. अग्रे वाढली तशी ती अपुरी पडली. १९३५ मध्ये आरसीएने आठ पिनांचा ‘ऑक्टल’ पाया आणला. त्याच्या मधल्या खुंटीवर कंगोरा होता. नलिका चुकीच्या दिशेने बसणे त्यामुळे टळले आणि मोजणीलाही आरंभबिंदू मिळाला.

४/ नियम असा : नलिका खालून पाहावी आणि कंगोऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजावे. खालूनच का? तारा जोडणारा कारागीर चॅसिस उलटे ठेवून सॉकेटच्या खालच्या बाजूस काम करतो. वरून मोजणाऱ्याचा सारा क्रम उलटा होतो. नंतरच्या नऊ पिनांच्या ‘नोव्हल’ पायात दहा समान जागांपैकी एक रिकामी असते. तिथून मोजणी सुरू होते.

५/ ‘१२एएक्स७’ या नोव्हल नलिकेच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. १-२-३ या एका अर्धाच्या प्लेट, ग्रिड, कॅथोड. ६-७-८ या दुसऱ्याच्या, त्याच क्रमाने. ४, ५ आणि ९ हीटरच्या. आराखड्यात हे दोन अर्ध दूरदूर काढलेले असतात. प्रत्येकाशेजारी ‘१/२’ असे लिहिलेले आढळते.

६/ पहिला अर्ध कोणता? आरसीएच्या तक्त्यात ६-७-८ हा पहिला, तर अनेक आराखड्यांत १-२-३ हा. दोन्ही अर्ध समान असल्याने कोणताही घेतला तरी चालते. मात्र तिन्ही पिना एकाच अर्धाच्या हव्यात. २ चे ग्रिड आणि ८ चा कॅथोड अशी सरमिसळ झाली, तर तो टप्पा मुका राहतो.

७/ क्रमांक फक्त जागा सांगतो, काम नव्हे. ऑक्टल पायाच्या ‘६एसएन७’ मध्ये १ ही ग्रिडची आणि २ ही प्लेटची पिन आहे. म्हणून प्रत्येक नलिकेची पाय-आकृती पाहणे अटळ असते. प्लेटवर शेकडो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. इथली चूक जिवावर बेतू शकते.

८/ युरोपात हीच नलिका ‘ईसीसी८३’. अमेरिकी नावातील १२ म्हणजे ४ व ५ दरम्यानचे १२.६ व्होल्ट, युरोपीय ‘ई’ म्हणजे ४-५ एकत्र जोडून ९ शी दिलेले ६.३ व्होल्ट. हीटर एकच, वाचन दोन. ‘सीसी’ म्हणजे दोन ट्रायोड, ८ म्हणजे नोव्हल पाया.

९/ बासमनच्या पहिल्या टप्प्यात ‘१२एवाय७’ होती, मार्शलच्या ‘जेटीएम४५’ मध्ये ईसीसी८३. पिना तंतोतंत जुळत होत्या; वर्धनांक मात्र दुपटीहून अधिक. सॉकेटची एकही तार न हलवता होणाऱ्या अशा बदलांनी त्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज दिला. नावे दोन खंडांत वेगळी राहिली. १ ते ९ चा क्रम दोघांनी एकच मानला.