नंबर ४५१

आमच्या कॅम्प नं. ३ मध्ये पत्ता म्हणजे आकडे. बॅरेक अमुक, खोली तमुक. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, पण आकडे काही सुटले नाहीत.

मायक्रोआरएनएंचंही तसंच. १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत पहिला सापडला, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे शेकडो सापडले आणि त्यांना नुसते नंबर पडले. हे स्वतः प्रथिन घडवत नाहीत, दुसऱ्यांचं घडणं रोखतात. अँब्रोस आणि रव्हकुन यांना नोबेल मिळालं ते थेट २०२४ मध्ये!

मला यातला एकच नंबर पाठ आहे, ४५१. मामाच्या मेंदूत ग्लायोमा निघाला तेव्हा शेजारीपाजारी सांगायचे, "साखर तोडा, गाठ उपाशी मरेल." मामीने त्याचा चहा बिनसाखरेचा केला, सोबत स्वतःचाही. कर्कपेशी ग्लुकोज हावरटासारखं खातात हे वॉरबर्गने १९२० च्या दशकातच पाहिलं होतं, त्यातूनच हा सल्ला आला असावा.

मामा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी २०१० चा एक शोधनिबंध वाचला. ग्लायोमाच्या पेशींना भरपूर ग्लुकोज मिळालं की ४५१ वाढतो, एएमपीके ही काटकसरीची यंत्रणा दाबतो, आणि पेशी वाढत राहतात. ग्लुकोज आटलं की ४५१ उतरतो. मग पेशी वाढ थांबवून तग धरतात, जागा सोडून पसरू लागतात.

म्हणजे उपाशी पेशी मरतेच असं नाही. अर्थात हे प्रयोगशाळेतलं, मामाच्या कपातल्या साखरेचा हिशेब त्यात नाही.

मामी अजून बिनसाखरेचाच चहा पिते. मी काही बोलत नाही.