आबांची पागा

पागा म्हणावं असं आमच्या आबांकडे काहीच नव्हतं. गोठ्याच्या कडेला एक छप्पर, त्यात एक भीमथडी तट्टू. अंगानं ठेंगणं, तांबूस, भारी काटक. तरी आबा त्या छपराला पागाच म्हणत. आजी हसायची, पण लीद काढायला निघाली की तीही "पागा झाडून येते" असंच म्हणायची.

आमचं गाव फलटणकडचं. ही तट्टं भीमा-नीरेच्या खोऱ्यांतली. त्यांच्याच पाठीवर मराठी फौजांनी लांब लांब पल्ले मारले. (अलीकडे भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आबा हवे होते.) आपला एक पूर्वज शिलेदार होता, स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला जाणारा, असं आबा सांगत. धाकटे चुलते म्हणत, कसला शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर! 1761 साली तो पानिपतावर होता की नाही, हेही सांगणाऱ्यागणिक बदलायचं. मला तर त्याचं नावही आता धड आठवत नाही.

आम्हा पोरांचं शिक्षण मात्र पक्कं झालं. मागून जायचं नाही. घोड्याला ऐन मागचं दिसत नाही, दचकलं की लाथ बसते. बाजूनं, बोलत बोलत जायचं. आधी कान बघायचे. पुढे असले तर ठीक. मागं चापून बसले असले तर आल्या पावली परत. गुळाचा खडा चिमटीत धरायचा नाही, सपाट तळहातावर ठेवायचा, नाहीतर बोटंही चावली जातात. मी भिऊन हात मागं घेई, मग आबा माझ्या हाताखाली आपला हात धरत. खरारा करायला मिळे तो मोठं झाल्यावर. चंदी मात्र आबाच मोजून तोबऱ्यात घालत. घोड्याला ओकता येत नाही, जास्त झालं की पोटशूळ उठतो, ही त्यांची धास्ती. त्यातलेच मूठभर हुलगे काढून आजी माडगं करायची. तशी चव पुन्हा कुठं मिळाली नाही.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. आबा मला खांद्यावर घेत. दोन अश्व दौडत येत; एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, माउलींसाठी. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हे अश्व तिथून आळंदीला चालत येतात. "माउली दिसत का नाहीत?" मी विचारलं. "घोड्याला कळतंय ना, मग झालं." लोक टापांखालची माती कपाळी लावत होते, आबा वाकून नाल बघत होते.

परवा माथेरानला नातीला घोड्यावर बसवायचं होतं. ती बाजूनं गेली, कान बघितले, आणि घोडेवाल्याला म्हणाली, "चंदी किती देता?" तो चाटच पडला. "घरात कुणी घोडेवाले होते काय?"

"शिलेदार होते," मी म्हणालो.

"बारगीर," चुलतभाऊ मागून म्हणाला.