नाक्यापुरते पैसे

परवा माळ्यावरचा पत्र्याचा डबा आवरायला काढला आणि त्यात आजीचा बटवा निघाला. आत वाळलेलं सुपारीचं खांड, पाच पैशांची दोन चौकोनी नाणी आणि बसचं एक जुनं तिकीट. तिकिटाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं, ३.५०, आणि त्याभोवती गोल.

ज्यांनी त्या काळात गावाकडे बसने प्रवास केलाय त्यांना हा गोल समजावून सांगायला नको. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून द्यायचा, "उतरताना घ्या" म्हणायचा, आणि आपण ते तिकीट मुठीत धरून बसायचो. त्या बाजाराच्या दिवशी आजी गर्दीत पिशव्या सांभाळत उतरली आणि बाकी घ्यायची राहिली. पुढचे तीन-चार बाजार ती तिकीट बरोबर घेऊन जात होती, पण तो कंडक्टर काही त्या गाडीवर पुन्हा दिसला नाही. आजोबा म्हणायचे, "टाक तो कागद." आजी म्हणायची, "कागद कसला? पैसे आहेत ते."

मी तेव्हा आजोबांच्या बाजूचा होतो. आता तितकी खात्री वाटत नाही, आणि त्याला कारण झाला अमेरिकेतला एक मैलाचा दगड.

मुलीकडे फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहायला गेलो होतो तेव्हा सकाळी लँकेस्टर अव्हेन्यूवरून फिरायला जायचो. मॉल, पेट्रोल पंप, बँका, आणि मध्येच कडेला एक बुटका, झिजलेला दगड. असे काही दगड त्या रस्त्यावर अजून टिकून आहेत. हा म्हणजे अमेरिकेतला लांब पल्ल्याचा पहिला खडीचा रस्ता, फिलाडेल्फिया ते लँकेस्टर, ६२ मैल. १७९२ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने एका खासगी कंपनीला सनद दिली आणि १७९५ च्या सुमारास रस्ता पुरा झाला. खर्च सुमारे ४ लाख ६५ हजार डॉलर, तोही सरकारचा नाही, भागधारकांचा. शेअर घ्यायला इतकी झुंबड उडाली की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या!

वसुली अर्थातच टोलची. रस्त्यात आडवा दांडा, पैसे दिले की तो बाजूला फिरवायचा. 'टर्नपाइक' हे नाव त्यावरूनच पडलं. दर जनावरावर आणि चाकांवर ठरायचा. गंमत म्हणजे रुंद चाकांच्या गाडीला टोल कमी, कारण ती खडी दाबत जाते. अरुंद चाकं रस्ता कापतात, म्हणून त्यांना जास्त. या रस्त्याचं यश बघून पुढच्या तीसेक वर्षांत अशा शेकडो कंपन्या निघाल्या. बहुतेकांना भागधारकांना धड लाभांशही देता आला नाही, पण रस्ते झाले.

आता सांगायचा मुद्दा असा. टोल ही सुट्ट्या पैशांची गोष्ट. दर नाक्यावर सहा सेंट, बारा सेंट असं काहीतरी द्यायचं. आणि सुट्टे पैसे हीच त्या देशातली सगळ्यात दुर्मिळ वस्तू होती. फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ चीच, पण तिची चांदीची नाणी बाजाराला कधी पुरली नाहीत. व्यवहार चालायचा स्पॅनिश डॉलरवर आणि त्याच्या आठव्या-सोळाव्या हिश्श्याच्या नाण्यांवर. (परदेशी नाणी तिथे १८५७ पर्यंत कायदेशीर होती, हे वाचून मला आपल्या जुन्या सराफकट्ट्यांची आठवण झाली.)

त्यात १८१२ चं इंग्रजांशी युद्ध आलं. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, आणि फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या बँकांनी आपल्या नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. मग काय, ज्याच्याकडे चांदीचं नाणं होतं त्याने ते दाबून ठेवलं. बाजारातून चिल्लर गायब!

टोलनाक्यावरचा माणूस काय करणार? गाडीवान पाच डॉलरची बँकेची नोट पुढे करतो, टोल पंचवीस सेंट, परत द्यायला दमडी नाही. दांडा उघडला नाही तर मागे रांग, उघडला तर कंपनीचं नुकसान. तेव्हा रस्त्याच्या कंपन्यांनी, पुलाच्या कंपन्यांनी, नगरपालिकांनी, अगदी दुकानदारांनीही स्वतःच छोट्या नोटा छापल्या. सव्वासहा सेंट, साडेबारा सेंट, पंचवीस, पन्नास. असले विचित्र आकडे का, तर ते स्पॅनिश डॉलरचे सोळावा, आठवा, पाव आणि अर्धा हिस्सा आहेत. लोक ज्या नाण्यांत हिशेब करायचे, त्यांच्याच या कागदी सावल्या.

याला परवानगी कोणी दिली, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्यांना नाणी पाडायला आणि स्वतःच्या कागदी नोटा काढायला मनाई केली होती. पण खासगी कंपनीबद्दल तिथे अवाक्षर नाही. त्या फटीतून बँका शिरल्या आणि त्यांच्यामागून रस्ते आणि पूलही. लँकेस्टरच्या पलीकडे कोलंबिया गावाशी सस्क्वेहाना नदीवर १८१४ साली मैलभराहून लांब लाकडी पूल झाला. तो बांधणारी कंपनी पुलाबरोबर बँकेचाही धंदा करायची. तो पूल १८३२ मध्ये बर्फाच्या लोंढ्याने वाहून गेला.

मला या नोटांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यामागचं तारण. बँकेच्या नोटेमागे तिजोरी असते, निदान असायला हवी. रस्त्याच्या नोटेमागे काय? रस्ताच! कंपनीने दुसरं काही दिलं नाही तरी आपल्या नाक्यावर आपलाच कागद नाकारणं तिला जड होतं. ज्याला रोज त्या वाटेने धान्य न्यायचं आहे त्याच्या दृष्टीने ते पैसेच होते. त्याच्याकडून ते किराणावाला घेई, कारण तोही त्याच वाटेने माल आणे. लोहार घेई, कारण किराणावाला घेतो.

पण रस्त्यापासून जसजसं दूर जावं तसतशी ही साखळी विरळ होई. परगावात तोच कागद बट्ट्याने जाई, डॉलरमागे काही सेंट कापून. आणखी पुढे कोणी हातही लावत नसे. वर्तमानपत्रांत कुठल्या नोटेवर किती बट्टा याचे तक्ते छापून येत, आणि असा कागद स्वस्तात घेऊन जिथे चालतो तिथे खपवणारे दलाल तयार झाले होते.

मग यात बुडालं कोण? रोजंदारीवाला. काही कंपन्या मजुरीही असल्याच कागदांत द्यायच्या. मोठ्या व्यापाऱ्याला बट्टा आधीच ठाऊक, तो भाव वाढवून मोकळा. शनिवारी हातात पडलेले कागद सोमवारपर्यंत ठेवायचीही ज्याची ऐपत नाही त्याला मिळेल त्या भावात ते मोडावे लागत. शिवाय बऱ्याच नोटांवर अशी अट असे की पाच डॉलरपर्यंतच्या नोटा जमवून आणा, मगच बदलून मिळतील, आणि त्याही बँकेच्या नोटांत. आठवड्याची कमाई जेमतेम पाच डॉलर असणारा ते कधी जमवणार? जी नोट फाटली, हरवली, चुलीत गेली तो कंपनीचा निव्वळ नफा. बाल्टिमोरचा पत्रकार हेझकाया नाइल्स आपल्या साप्ताहिकातून या 'चिंध्यां'वर सतत तुटून पडायचा. लोकांनी नाव ठेवलं होतं 'शिनप्लास्टर', म्हणजे नडगीवर लावायची पट्टी. तेवढ्याच उपयोगाची!

१८१७ मध्ये बँकांनी पुन्हा चांदी द्यायला सुरुवात केली, १८१९ च्या मंदीत कित्येक कागद कवडीमोल झाले. १८३७ ला बँका पुन्हा थांबल्या आणि शिनप्लास्टर पुन्हा उगवले. शेवटी यादवी युद्धात, १८६२ च्या जुलैमध्ये, एक डॉलरखालच्या खासगी नोटांवर बंदी आली, आणि १८६५ मध्ये राज्यांच्या बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवून त्याही संपवल्या. पैसा फक्त सरकारचा, हे त्या देशाला समजायला पाऊणशे वर्षं लागली.

आता आपल्याकडेही २०२१ पासून महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे. नाक्यावर कोणी कोणाला ओळखत नाही आणि ओळखायची गरजही नाही. ही सोय मला मोलाची वाटते. बट्ट्याचा तक्ता पाठ नसलेल्या माणसाचं नुकसान होत नाही, हा काही छोटा फायदा नव्हे.

तरी आजी-आजोबांच्या त्या भांडणाचा निकाल लागला असं मला वाटतं. दोघंही बरोबर होते. गाडीत बसलेली असेपर्यंत आजीच्या मुठीत पैसेच होते. तो गोल ओळखणारा आणि त्याचे साडेतीन रुपये मोजून देणारा माणूस चार हातांवर उभा होता. ती पायरी उतरली आणि त्या नोटेची हद्द संपली, मागे उरला कागद. कंडक्टरने फसवलं नाही, आजीचंही काही चुकलं नाही. पण साडेतीन रुपये गेले ते तिचेच, आणि तेव्हा साडेतीन रुपये म्हणजे तिला काय होतं हे मला बटवा हातात धरल्यावर कळलं.

असो. तिकीट परत बटव्यात ठेवलंय. टाकवत नाही. साडेतीन रुपये येणे आहेत.