तळ्याकाठचा मुक्काम, तळ्याखालचे खोरे

१/९
भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील जलाशयांच्या काठी सुट्टीच्या दिवशी तंबू उभे राहतात. २०२१ मध्ये राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आले आणि चाकांवरच्या घरातून अशा जागी मुक्काम करण्याच्या कल्पनेला राजमान्यता मिळाली. एका रात्रीच्या पाहुण्याला हे पाणी डोंगरांइतकेच पुरातन वाटते. वस्तुतः यांतील एकही मोठा जलाशय नैसर्गिक नाही.

२/९
शिवकाळात या मुलखाची ओळख खोऱ्यांनी होत असे. एक नदी, तिच्या दोन्ही काठांची गावे आणि त्यांचा देशमुख, असे ते एकक होते. मोसे खोऱ्यात पासलकर, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे. गड माथ्यावर असत; पण त्यांना माणूस आणि धान्य पुरवणारी भातखाचरे खोऱ्यांत होती.

३/९
१८७६–७८ च्या भीषण दुष्काळात पूर्वेकडील पठार होरपळले. सह्याद्रीत मात्र पाऊस मुबलक पडे. पश्चिमेचे पाणी अडवून कालव्याने पूर्वेस न्यावे, हा इंग्रज अभियंत्यांचा तोडगा ठरला. त्यातूनच नीरा डावा कालवा आणि वेळवंडी नदीवरील भाटघरचे पहिले धरण उभे राहिले. त्या तळ्याला व्हाइटिंग या अभियंत्याचे नाव मिळाले.

४/९
येथे एक बाब ध्यानात घ्यावी. भाटघर तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. डाव्या कालव्याने भिजणारे बारामती, इंदापूर मात्र ब्रिटिश पुणे जिल्ह्यात. खोरे एकाचे बुडाले, शेत दुसऱ्याचे पिकले.

५/९
हे धरण अपुरे पडू लागल्यावर भाटघरलाच अधिक मोठे धरण बांधण्यात आले. सुमारे १६२५ मीटर लांब आणि ५८ मीटर उंच असे हे दगडी धरण १९२७–२८ च्या सुमारास पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव त्याला दिले गेले. पाणी खोऱ्यात आणखी आत, आणखी वर सरकले.

६/९
या पाण्याखाली काय आहे, याची साक्ष कांबरे गावचे कांबरेश्वर मंदिर देते. वर्षातील बहुतेक काळ ते जलाशयात असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की मंदिर उघडे पडते, भाविक दर्शन घेतात आणि पावसाळ्यात देव पुन्हा पाण्याखाली जातो.

७/९
वेल्ह्याच्या बाजूस आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खडकवासला धरणही खचले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. पानशेत पुन्हा बांधले गेले. पुढे शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचे धरण आले.

८/९
आज भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, पानशेतला तानाजींचे, वरसगावला बाजी पासलकरांचे. येसाजींचे भुतोंडे भाटघरच्याच पाणलोटात, राजगडाच्या पायथ्याशी आहे. साहेबांची नावे गेली आणि मावळ्यांची आली, हे उचितच. पण ज्या खाचरांनी ते मावळे पोसले, त्यांतली कित्येक त्यांच्याच नावाच्या पाण्याखाली आहेत. तेथील कुटुंबे उतारावर किंवा दूर परगावी जाऊन वसली.

९/९
म्हणून येथे तंबू ठोकणाऱ्याने एवढे जाणावे, की तो खोऱ्याच्या तळाशी नव्हे, मधल्या उतारावर निजला आहे. राजगड वर दिसतो. त्या राजगडाला पोसणारा अर्धा मुलूख मात्र पाण्याच्या पातळीखाली आहे.